जू खांद्यावर कोणी ठेवले?

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात माझे दीड पानाचे टिपण छापून आले होते. विषय होता ‘विवाहविधीतील जू’. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे काही वाचले, त्याच्या बळावर मी ते लिहिले होते. आपल्या गृह्यसूत्रांत लग्नाच्या वेळी वधूच्या मस्तकावर जू धरण्याचा विधी आहे. आपस्तंबाने तो नीट सांगितला आहे: डोक्यावर दर्भाचे कडे, त्यावर जुवाचे भोक, भोकात सोने, आणि त्यावरून पाणी घालून वधूला स्नान. त्यामागे ऋग्वेदातली अपालेची कथा आहे. दक्षिणेकडच्या काही ब्राह्मण कुटुंबांत हा विधी अजूनही होतो. या माहितीच्या शेजारी मी मोठ्या दिमाखाने एक दूरचा पुरावा ठेवला होता. पूर्व युरोपातल्या कार्पेथियन डोंगरांत राहणाऱ्या हुत्सुल लोकांत नवरानवरीच्या डोळ्यांवर फडके बांधतात आणि दोघांच्या खांद्यांवर मिळून एक बैलांचे जू ठेवतात, असे मी लिहिले होते.

हा पुरावा मला पुस्तकात सापडला नव्हता. एका फिल्म सोसायटीच्या खेळात पाहिलेल्या चित्रपटात तो मी डोळ्यांनी पाहिला होता. सेर्गेई पाराजानोवचा ‘विस्मृत पूर्वजांच्या सावल्या’ हा तो चित्रपट, १९६५ सालचा. पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यांतली, भरतकामाच्या बंड्या घातलेली खरीखुरी गावकरी माणसे होती. त्यांनी ज्या गांभीर्याने ते जू उचलून वधूवरांच्या मानेवर ठेवले, ते पाहून शंका घ्यायला जागाच नव्हती. मी वहीत नोंद केली, आणि वहीतून ती छापील पानावर गेली.

ती नोंद चुकीची होती. हुत्सुलांत असा विधी नव्हता. पाराजानोवने तो रचला होता.

हे मला कळले तेव्हा आधी ओशाळल्यासारखे झाले आणि मग उत्सुकता वाटू लागली. या चित्रपटातले बाकीचे काय खरे आणि काय रचलेले? आणि रचलेला विधी ज्यांचा म्हणून दाखवला, त्या लोकांनी तो करून कसा दिला? या दोन प्रश्नांचा माग काढताना जे हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

सीमेपलीकडून आलेला लेखक

चित्रपटाच्या मुळाशी एक छोटी कादंबरी आहे. तिचे नाव तेच. लेखक मिखाइलो कोत्स्युबिन्स्की (१८६४–१९१३). तो डोंगरातला नव्हे. विनित्स्यात जन्मलेला, चेर्निहिव शहरात सांख्यिकी खात्यात नोकरी करणारा, हृदयविकाराने गांजलेला माणूस. तो रशियन साम्राज्याचा प्रजाजन होता. या साम्राज्यात १८७६ च्या फर्मानाने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर कडक निर्बंध आले होते, ते १९०५ च्या उठावापर्यंत टिकले. हुत्सुलांचा मुलूख मात्र सीमेपलीकडे, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गालिसिया प्रांतात होता. तिथे युक्रेनीत पुस्तके निघत, संशोधनसंस्था चालत. एकच भाषा बोलणारे लोक दोन साम्राज्यांत विभागलेले होते, आणि एका बाजूला जे बोलणे अवघड ते दुसऱ्या बाजूला छापता येत होते.

चेरेमोश नदीच्या काठावरचे क्रिवोरिव्न्या हे गाव त्या काळी या मंडळींचे उन्हाळी माहेरघर झाले होते. कवी इवान फ्रांको तिथे येत असे. इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्कीने तिथे घरच घेतले होते. लोकसाहित्याचा अभ्यासक वोलोदिमिर ह्नात्युक तिथे राहून कथा, समजुती, भुताखेतांच्या हकिकती टिपून घेत असे. त्याच्याच आग्रहाने कोत्स्युबिन्स्की १९१० मध्ये पहिल्यांदा क्रिवोरिव्न्यात आला. मुक्काम थोडा होता, पण मनाला चटका लागला. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला, घोड्यावर बसून डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत गेला, मेंढपाळांत राहिला, शब्द उतरवून घेतले. परतल्यावर १९११ च्या शरदात त्याने ही कादंबरी लिहिली. १९१२ च्या उन्हाळ्यात तो तिसऱ्यांदा गेला, आणि १९१३ मध्ये वारला.

त्याच्या हाताशी फक्त स्वतःचे डोळे नव्हते. वोलोदिमिर शुखेविचचे ‘हुत्सुल प्रदेश’ हे पाच भागांतले प्रचंड काम १८९९ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाले होते. घर कसे बांधतात, मेंढ्यांचे दूध कसे मोजतात, नाताळच्या आदल्या रात्री काय करतात, मेलेल्या माणसाजवळ रात्र कशी काढतात, सगळे त्यात आहे. कोत्स्युबिन्स्कीने ते आणि ह्नात्युकने गोळा केलेले साहित्य बारकाईने वाचले होते.

म्हणजे कादंबरीतच परंपरा थेट आलेली नाही. गावकऱ्याने अभ्यासकाला सांगितले, अभ्यासकाने छापले, आणि ते वाचून परक्या साम्राज्यातल्या एका आजारी लेखकाने स्वतः पाहिलेल्याशी जुळवून घेतले. हे मला आधी ठाऊक असते तर पडद्यावर दिसले म्हणून मी इतका निर्धास्त राहिलो नसतो.

कथा आणि तिच्यातले विधी

कथा साधी आहे. इवान पालिइचुक आणि मारिच्का हुतेन्युक ही दोन हाडवैरी घराण्यांतली मुले. मारिच्काच्या बापाच्या कुऱ्हाडीने इवानचा बाप मरतो. पण मुले एकमेकांवर जीव लावतात. इवान पोटासाठी उन्हाळी कुरणावर मेंढपाळ म्हणून जातो. तो परत येण्याआधी मारिच्का चेरेमोशमध्ये बुडून मरते. इवान वर्षानुवर्षे भटकतो, मग गावी येतो, आणि घरदार सांभाळायला बाई हवी म्हणून पालाह्नाशी लग्न करतो. घरात गुरेढोरे आहेत, सुख नाही. पालाह्ना गावातल्या मांत्रिकाकडे वळते. इवान मात्र मेलेल्या मारिच्काच्या मागे रानात जातो आणि मरतो.

या कथेला भोवताली जे जग आहे, ते मात्र साधे नाही. हुत्सुलांचे जगणे पोलोनिनाभोवती फिरते. पोलोनिना म्हणजे जंगलाच्या वरची, झाडे संपल्यावर सुरू होणारी कुरणे. वसंतात मेंढ्या वर चढतात, शरदात खाली उतरतात. मधले महिने मेंढपाळ तिथेच राहून दुधाचे चीज करतात. वर पोचल्यावर पहिले काम म्हणजे लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव पाडणे. तो विस्तव खाली उतरेपर्यंत विझू द्यायचा नाही. त्रेंबिता नावाचे, माणसाच्या दीडपट लांबीचे लाकडी शिंग हे त्यांचे वाद्य. ते शक्यतो वीज पडलेल्या झाडाचे करावे, अशी समजूत आहे. कळपाला बोलावणे आणि गावाला मृत्यूची वर्दी देणे, ही दोन्ही कामे तेच वाद्य करते. आपल्याकडे सनई मंगल कार्याला आणि हलगी अनेक प्रसंगांना, तसे तिथे वाटून दिलेले नाही.

नाताळच्या आदल्या रात्री घरधनी ताट घेऊन दाराबाहेर जातो आणि वादळाला, लांडग्यांना, मेलेल्यांच्या आत्म्यांना जेवायला बोलावतो. ते आले नाहीत तर पुढे वर्षभर येऊ नका, असे त्यात अभिप्रेत असते. हा विधी अभ्यासकांनी नोंदवला आहे, कादंबरीत आहे, चित्रपटातही आहे. वसंताच्या सणाला पहाटे विवस्त्र होऊन बाईने करायचा तोडगा, गारपिटीचा ढग हातवाऱ्यांनी परतवणारा मोल्फार म्हणजे मांत्रिक, मुखवटे घालून दारोदार फिरणारी सोंगे, हे सगळे नोंदींच्या आधारावर उभे आहे.

सर्वांत चक्रावून टाकणारा भाग शेवटचा. घरात प्रेत आहे, आणि त्याच्याभोवती जमलेले लोक खेळ खेळतात, हसतात, तरुण मुलेमुली एकमेकांना चुंबने देतात. पहिल्यांदा पाहताना मला वाटले, दिग्दर्शकाने धक्का देण्यासाठी हे केले असावे. पण नेमका हा भाग रचलेला नाही. मृताजवळ जागरण करताना खेळ खेळण्याची चाल हुत्सुलांत होती आणि ती शुखेविचच्या पानांवर आहे. जे मला बनावट वाटले ते अस्सल निघाले, आणि ज्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला ते जू बनावट निघाले. स्वतःच्या ‘अंतर्ज्ञाना’वर विसंबणाऱ्या हौशी संशोधकाला यापेक्षा चांगला धडा मिळणार नाही.

कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मिळवून वाचला तेव्हा लग्नाचा भाग मी तीन वेळा तपासला. तिथे लग्न थोडक्यात उरकले आहे. जू नाही.

तिब्लिसीचा आर्मेनियन

आता दुसरा परका माणूस. सेर्गेई पाराजानोव १९२४ मध्ये जॉर्जियातल्या तिब्लिसीत एका आर्मेनियन कुटुंबात जन्मला. मॉस्कोच्या चित्रपटसंस्थेत इगोर साव्चेन्कोच्या हाताखाली शिकला, आणि मग कीवच्या स्टुडिओत नोकरीला लागला. तिथे त्याने जे पहिले चित्रपट केले, ते त्या काळच्या सरकारी साच्यातले होते. पुढे तो स्वतःच त्यांना कचरा म्हणत असे. तार्कोव्स्कीचा ‘इवानचे बालपण’ १९६२ मध्ये पाहिल्यावर आपली दिशा बदलली, असे त्याने वारंवार सांगितले आहे.

कोत्स्युबिन्स्कीची जन्मशताब्दी १९६४ मध्ये येत होती. सोव्हिएत व्यवस्थेत शताब्दीला फार महत्त्व. मान्यताप्राप्त लेखक, त्याची मान्यताप्राप्त कादंबरी, म्हणजे स्टुडिओच्या दृष्टीने निर्धोक काम. पाराजानोवने ते घेतले आणि आपले पथक घेऊन कार्पेथियनमध्ये गेला.

पथकातली नावे सांगायला हवीत, कारण या चित्रपटाचे श्रेय एकट्याचे नाही. छायालेखक युरी इल्येन्को. कलादिग्दर्शक हेओर्ही याकुतोविच, जो मूळचा चित्रकार आणि खोदचित्रकार, आणि ज्याला हुत्सुल मुलूख आधीपासून चांगला ठाऊक होता. संगीतकार मिरोस्लाव स्कोरिक, लव्हिवचा पंचविशीतला तरुण, ज्याचे बालपण कुटुंबासह सायबेरियात हद्दपारीत गेले होते. इवानच्या भूमिकेत इवान मिकोलाइचुक, बुकोविनाच्या खेड्यातला, अजून शिकत असलेला नट. मारिच्का झालेली लारिसा कादोच्निकोवा मॉस्कोची, पालाह्ना झालेली तात्याना बेस्तायेवाही रशियन रंगभूमीवरची, आणि मोल्फार झालेला स्पार्ताक बागाश्विली जॉर्जियन. बाकीचे बहुतेक चेहरे स्थानिक हुत्सुलांचे, आणि अंगावरचे कपडे त्यांच्याच पेट्यांतले.

क्रिवोरिव्न्या आणि शेजारचे वेर्खोविना हे चित्रीकरणाचे ठाणे. वेर्खोविनाचे जुने नाव झाब्ये. दोनच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, ते बदलले होते. नाव बदलणे तर वरवरचे. हा मुलूख १९३९ मध्ये सोव्हिएत संघात आला, मग महायुद्ध, मग युक्रेनी बंडखोर आणि सोव्हिएत फौजा यांच्यातला जंगलातला दीर्घ संघर्ष, त्यापायी सायबेरियाला गेलेली कुटुंबे, आणि शेवटी सामूहिक शेती. ज्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यासमोर मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या, त्यांनी हे सगळे पाहिले होते. चित्रपटात यातले अक्षरही नाही. त्यात सन नाही, सरकार नाही, सामूहिक शेत नाही. पण वीस वर्षांपूर्वी ज्यांची माणसे गेली, ते गाव प्रेतयात्रेच्या दृश्यात चालते तेव्हा त्या चालण्यात अभिनय कमी असतो.

इल्येन्कोचा कॅमेरा या चित्रपटात स्थिर बसत नाही. सुरुवातीलाच एक झाड कोसळते, आणि आपण ते खालून पाहत नाही. झाडाबरोबर वरून खाली येतो, इवानच्या भावाच्या अंगावर. बापाच्या डोक्यात कुऱ्हाड बसते तेव्हा भिंगावरून रक्त ओघळते आणि लाल घोडे झेपावत जातात. फ्रान्समध्ये चित्रपट लागला तो ‘आगीचे घोडे’ याच नावाने. मारिच्का गेल्यानंतरच्या एकाकीपणाच्या प्रकरणातून रंगच काढून घेतले आहेत. दिग्दर्शक आणि छायालेखक यांचे चित्रीकरणात इतके खटके उडाले की आपण पाराजानोवला हुत्सुल पिस्तुले घेऊन द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले होते, असे इल्येन्को पुढे सांगत असे. चेरेमोशला पूर आल्याने ते टळले, आणि तेवढ्यात धुऊन आलेली फिल्म पाहून पाराजानोवने त्याला मिठी मारली, अशी त्या हकिकतीची अखेर. रंगवून सांगितलेली असली तरी दोघांच्या स्वभावाला शोभणारी आहे.

जुवाचा उगम

आता मूळ मुद्द्याकडे. चित्रपटानंतर, १९६६ मध्ये, मॉस्कोच्या ‘इस्कुस्स्त्वो किनो’ या मासिकात पाराजानोवने एक लेख लिहिला. त्यात त्याने जुवाची गोष्ट स्वतःच सांगून टाकली आहे. हुत्सुलांत कोलोमिइका नावाचा गाण्याचा प्रकार आहे: दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत चौदा अक्षरे, प्रसंग पडेल तसा जागच्या जागी जुळवून म्हणायचा. आपल्या जात्यावरच्या ओवीसारखाच तो माणसाच्या ओठावर सदैव तयार. मात्र कोलोमिइका बरीच चावट असते. अशाच एका गावरान गाण्यात विजोड लग्नाची थट्टा होती, जुंपले एकदाचे दोघांना, अशा अर्थाची. पाराजानोवने ती थट्टा उचलली आणि अक्षरशः घेतली. डोळ्यांवर फडके, खांद्यांवर जू.

इथपर्यंत ही दिग्दर्शकाची कल्पना. पुढचा भाग महत्त्वाचा आहे. पाराजानोव लिहितो की हुत्सुल खोटेपणा खपवून घेत नसत. पोशाखात, हालचालीत, विधीच्या क्रमात चूक झाली की ते अडून बसत. मेकअप आणि नाटकी हावभाव त्यांना सहन होत नसत. पण जुवाचे दृश्य आले तेव्हा हीच माणसे अडली नाहीत. आपल्या इतर पुरातन विधींत जितके गंभीर आणि सुंदर दिसत, तितक्याच गांभीर्याने त्यांनी हा कालपर्यंत अस्तित्वात नसलेला विधी पार पाडला.

का पाडला? मला वाटते, याचे उत्तर त्या गाण्यातच आहे. जू त्यांनाच सुचलेले होते. ते त्यांच्या बोलण्यात, थट्टेत, लग्नाविषयीच्या त्यांच्या समजुतीत आधीपासून होते, फक्त लाकडाचे झाले नव्हते. मराठीत आपण ‘संसाराचा गाडा’ म्हणतो, ‘मानेवर जोखड’ म्हणतो. उद्या एखाद्या परक्याने आपल्या मांडवात अंतरपाटाऐवजी खरेच जू आणून ठेवले, तर आपण चमकू, पण त्याचा अर्थ कुणी आपल्याला समजावून सांगावा लागणार नाही. हुत्सुलांना नवी गोष्ट शिकवली गेली नाही. त्यांची जुनी गोष्ट त्यांना नव्या रूपात परत मिळाली, आणि त्यांनी ती स्वीकारली.

म्हणून ‘खरे की खोटे’ हा माझा पहिला प्रश्न अपुरा होता. विधी किती जुना आहे, यावरून फक्त त्याचे वय कळते. तो कोणाचा आहे हे ठरते ते, तो ज्यांच्या नावावर लागला त्यांनी तो उचलला की नाही यावरून. नोंद करणाऱ्याने मात्र दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या पाहिजेत. मी त्या एकत्र केल्या, ही माझी चूक.

४ सप्टेंबर १९६५

परंपरा ‘उचलणे’ म्हणजे काय, हे डोंगराबाहेर, कीव शहरात दिसले.

सोव्हिएत संघातल्या इतर भाषांतले चित्रपट देशभर दाखवायचे तर त्यांवर रशियन आवाज चढवण्याचा रिवाज होता. पाराजानोवने त्याला नकार दिला. पात्रे हुत्सुल बोलीतच बोलत राहिली. शहरातल्या युक्रेनी प्रेक्षकालाही काही शब्द अडावेत अशी ती बोली. पण तिच्यावर दुसरी भाषा चढली नाही, एवढ्यानेच तो चित्रपट शहरातल्या तरुणांना आपला वाटू लागला. कारण त्याच शहरात कचेरीत, विद्यापीठात, दुकानात युक्रेनी मागे हटत चालली होती.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस युक्रेनमध्ये लेखक, शिक्षक, कलावंत अशा वीसएक जणांना गुपचूप अटक झाली. वर्तमानपत्रांत बातमी नाही. ४ सप्टेंबरला कीवच्या ‘युक्राइना’ चित्रपटगृहात ‘सावल्यां’चा खेळ होता. कलाकारांच्या स्वागतासाठी समीक्षक इवान द्झ्युबा मंचावर गेला. चित्रपटाबद्दल चार शब्द बोलता बोलता त्याने अटकांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याला थांबवण्याचा प्रयत्न झाला, आवाज दाबायला भोंगा वाजवला गेला. सभागृहातून पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविल आणि तरुण कवी वासिल स्तुस यांनी, ज्यांना हा जुलूम मान्य नाही त्यांनी उभे राहावे, असे आवाहन केले. काही जण उभे राहिले, बरेच बसून राहिले. त्या काळात, त्या गावात, नुसते खुर्चीतून उठणे म्हणजे काय होते, हे पुढच्या घटनांवरून कळते.

द्झ्युबाची नोकरी गेली. त्याने त्यानंतरच्या महिन्यांत ‘आंतरराष्ट्रीयता की रशियनीकरण?’ हे पुस्तक लिहिले, ते हस्तलिखितांतून फिरले, आणि पुढे त्यासाठी त्याला तुरुंग पाहावा लागला. चोर्नोविलचीही नोकरी गेली आणि त्याच्याही वाट्याला तुरुंग आणि छावण्या आल्या. स्तुसला पदव्युत्तर संशोधनातून काढून टाकले. १९७२ मध्ये अटक, मग छावणी आणि हद्दपारी. १९८० मध्ये पुन्हा अटक. पर्मच्या छावणीत तो मेला तो दिवस ४ सप्टेंबर १९८५, त्या खेळाला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी.

पाराजानोवचे काय झाले? परदेशांत चित्रपटाला पुरस्कार मिळत होते. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या महोत्सवातही १९६५ मध्येच मिळाला. घरी मात्र ‘कीवची भित्तिचित्रे’ हा त्याचा पुढचा चित्रपट थांबवण्यात आला. इल्येन्कोने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९६५ मध्ये पेटीत बंद झाला, तो १९८७ मध्ये बाहेर आला. १९६८ मध्ये राजकीय खटल्यांविरुद्धच्या पत्रावर सही करणाऱ्यांत पाराजानोव होता. आर्मेनियात जाऊन त्याने ‘डाळिंबांचा रंग’ केला. डिसेंबर १९७३ मध्ये त्याला कीवमध्ये अटक झाली. समलैंगिकतेचा आणि इतर आरोप ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. फ्रेंच कवी लुई आरागाँने ब्रेझ्नेव्हकडे शब्द टाकल्यावर डिसेंबर १९७७ मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधी, तो सुटला. छावणीत त्याने चिंध्या, कागद, हाताला लागेल त्या वस्तूंची चिकटचित्रे केली. ती आज येरेवानच्या त्याच्या संग्रहालयात आहेत. १९९० मध्ये तो वारला.

सत्तेला नेमके काय खुपले, हे समजून घेतले पाहिजे. लोकपरंपरेला सोव्हिएत राजवटीचा विरोध नव्हता. उलट, रंगीत कपडे घालून मंचावर नाचणारी लोकनृत्यपथके तिला फार आवडत. पथक नाचून झाले की कपडे पेटीत जातात. हा चित्रपट तसा नव्हता. त्यात कोणी प्रेक्षकांसाठी नाचत नव्हते. ही माणसे आपल्या भाषेत आपल्या मेलेल्यांशी बोलत होती, आणि त्यांना सरकारची गरजच पडत नव्हती. ते पाहून शहरातल्या खुर्च्यांत बसलेल्या काहींना आठवले की आपणही कोणाचे तरी वंशज आहोत. चित्रपटाचे नाव त्यांनी अक्षरशः घेतले, जसे पाराजानोवने जू घेतले होते.

आणि हे घडवणारी माणसे कोण? रशियन साम्राज्यातला सांख्यिकी कारकून, तिब्लिसीचा आर्मेनियन, मॉस्कोची नटी, जॉर्जियन मांत्रिक. परंपरा ‘आतल्या’ माणसालाच कळते, असे आपल्याकडे हल्ली फार ठामपणे म्हटले जाते. इथे सगळे बाहेरचे. पण ते बाहेरचे लोक ऐकत होते, आणि आतल्यांना ‘हे चूक आहे’ म्हणून अडवण्याचा अधिकार होता. या दोन्ही गोष्टी असल्या तर बाहेरचा माणूस घातक ठरत नाही. नसल्या तर आतलाही ठरू शकतो.

पाराजानोव ज्या घरात राहिला, त्या वेर्खोविनाच्या घरात आज या चित्रपटाचे छोटे संग्रहालय आहे. इवान द्झ्युबा स्वतंत्र युक्रेनचा संस्कृतिमंत्री झाला, नव्वदीपर्यंत जगला आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजी वारला. रशियन फौजांचे मोठे आक्रमण सुरू व्हायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

माझे ते जुने टिपण ज्यांच्या संग्रही असेल, त्यांना एक विनंती आहे. फाडू नका. हुत्सुलांच्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एवढेच लिहा: ‘हा विधी १९६४ च्या सुमारास रचला गेला. मूळ एका गाण्यात. गावाने मान्य केला.’